प्रश्न तुमचे : टेप ड्राइव्ह, कार्ट्रिज आणि दमट हवा

मागच्या अंकात बॅकअपवर लिहिताना मी टेप ड्राइव्हचा, म्हणजे कार्ट्रिज नावाच्या डबीतल्या चुंबकीय टेपवर डेटा लिहिणाऱ्या यंत्राचा, ओझरता उल्लेख केला होता. एवढ्या पत्रांची अपेक्षा नव्हती. नोकरीतली बरीच वर्षं मी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये रात्रपाळीला टेपा चढवण्या-उतरवण्यात घालवली आहेत, त्यामुळे हा विषय निघाला की मला आवरणं कठीण. तरी जागेच्या हिशेबाने काही निवडक पत्रं घेते.

प्रश्न : ताई, सांगलीत आमचा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. इतक्या वर्षांचं काम, साधारण ४० टीबी, सुट्या यूएसबी हार्डडिस्कवर पडून आहे. त्यातल्या दोन बंदही पडल्या. म्हणून एक जुना इंटर्नल एलटीओ-६ (टेपच्या एलटीओ जातीची सहावी पिढी) ड्राइव्ह घेतला. पण त्याला साटाची, म्हणजे हार्डडिस्कची नेहमीची, केबल बसत नाही. विकणारा म्हणतो, वेगळं कार्ड लागेल. कुठलं? आणि कार्ट्रिजवर ६.२५ टीबी लिहिलंय, म्हणजे सात कार्ट्रिजमध्ये सगळं मावेल ना?

उत्तर : सात नाही, सतरा. ६.२५ हा आकडा डेटा अडीचपट दाबला जाईल असं गृहीत धरून छापलेला असतो. कॅमेऱ्यातून आलेला व्हिडिओ आणि जेपेग फोटो आधीच दाबलेले असतात, ते आणखी दबत नाहीत. एलटीओ-६ ची खरी क्षमता २.५ टीबी, आणि हाताशी येते त्याहून जराशी कमी. शिवाय एकच प्रत ठेवणार असाल तर हा सगळा खटाटोप करू नका. दोन प्रती म्हणजे चौतीस कार्ट्रिज. आधी हा खर्च मांडा, मग पुढचं वाचा.

आता कार्ड. तुमचा ड्राइव्ह सॅस जातीचा आहे, म्हणजे सर्व्हरमध्ये चालते त्या जोडणीचा. मागचं कनेक्टर साटासारखंच दिसतं, पण साटात जिथे मध्ये खाच असते तिथे सॅसमध्ये ती भरलेली असते. म्हणून केबल बसत नाही, आणि बसत नाही तेच बरं, कारण मदरबोर्डवरच्या साटा पोर्टला हा ड्राइव्ह कळणारच नाही. दुकानात 'सॅस एचबीए' मागा, म्हणजे सॅस उपकरणं पीसीला जोडणारं कार्ड. दुकानदार हमखास रेड (अनेक डिस्क एकत्र बांधणारं) कार्ड पुढे करेल, कारण तेच त्याच्याकडे पडलेलं असतं. ते घेऊ नका. बरीच रेड कार्डं फक्त डिस्क ओळखतात, टेप पुढे जाऊच देत नाहीत. जुन्या बाजारात एलएसआय ९२११-८आय हे कार्ड मिळतं. त्यावर 'आयटी मोड'चं (उपकरण जसंच्या तसं पीसीपुढे ठेवणारं) फर्मवेअर आहे ना, एवढं विचारून घ्या. एलटीओ-६ ला ते पुरेसं आहे. पीसीआय एक्स्प्रेसच्या लांब स्लॉटमध्ये ते बसतं. केबल अशी हवी की एका टोकाला कार्डाचं मिनी-सॅस आणि दुसऱ्या टोकाला चार सॅस कनेक्टर, प्रत्येकाला पॉवरची शेपटी. चारातलं एक ड्राइव्हला लावा, उरलेली तीन बांधून ठेवा. पंख्यात जायला नकोत.

ड्राइव्हला सव्वापाच इंचाचा खण लागतो, म्हणजे पूर्वी सीडी रायटर बसायचा तो. हल्लीच्या काचेच्या कॅबिनेटांत तो नसतोच, तेव्हा जुनं कॅबिनेट शोधा. आणि हवा खेळती ठेवा. ड्राइव्ह तापतो आणि हे एचबीए कार्ड तर मुळात सर्व्हरच्या जोरदार पंख्यांसमोर बसायला बनवलेलं, त्यामुळे साध्या पीसीत ते हात लावता येणार नाही इतकं तापतं. त्याच्या हीटसिंकवर एक छोटा पंखा लावलात तर पुढचा बराच मनस्ताप वाचेल.

पीसी चालू केल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'टेप ड्राइव्ह' असं खातं दिसायला हवं. 'अननोन डिव्हाइस' दिसलं तर ड्राइव्हर टाका. एचपीच्या ड्राइव्हसाठी 'लायब्ररी अँड टेप टूल्स' आणि आयबीएमच्या ड्राइव्हसाठी 'आयटीडीटी' ही तपासणीची साधनं आहेत. जुना ड्राइव्ह घेतलाय म्हणून त्यातली पूर्ण चाचणी कोऱ्या, नव्या कार्ट्रिजवर करा. विकणाऱ्याने भेट म्हणून दिलेल्या मळक्या कार्ट्रिजवर करू नका. चाचणी नापास झाली की दोष ड्राइव्हचा की टेपचा, यावर तुमचं आणि त्याचं भांडण लागेल.

विंडोजचा स्वतःचा बॅकअप टेपवर लिहीत नाही. एक्सपीच्या जमान्यातलं एनटीबॅकअप लिहायचं, व्हिस्टापासून ते गेलं. तुमच्यासाठी सोपा मार्ग एलटीएफएस. २०१० साली एलटीओ-५ बरोबर हा प्रकार आला. कार्ट्रिजचे दोन भाग केले जातात, एकात यादी आणि दुसऱ्यात डेटा. मग टेप विंडोजमध्ये एका ड्राइव्ह-अक्षराखाली दिसते आणि फाइली ओढून टाकता येतात. पण दिसते डिस्कसारखी म्हणून वागवू नका. त्या फोल्डरमध्ये थंबनेल चालू ठेवलेत तर प्रत्येक चित्रासाठी टेप पुढे-मागे पळत सुटेल. पुसलेल्या फाइलची जागा परत मिळत नाही. आणि काम संपल्यावर इजेक्ट केल्याशिवाय पीसी बंद करायचा नाही, कारण शेवटची यादी तेव्हाच टेपवर उतरते.

सर्वांत महत्त्वाचं राहिलं : वेग. एलटीओ-६ ला सेकंदाला १६० एमबी डेटा लागतो. थोडा कमी मिळाला तर तो आपली चाल कमी करून घेतो, पण फारच कमी मिळाला तर टेप थांबते, मागे जाते, पुन्हा धाव घेऊन लिहायला लागते. हे कानाने ओळखता येतं. ड्राइव्ह नीट चालत असेल तर एकसुरी, बारीक घरघर येते. उपाशी असेल तर घर्र, खट्, उलटी घर्र, खट्, असं दर काही सेकंदांनी. रात्रपाळीला खुर्चीवर डोळा लागलेला असतानाही त्या आवाजाने मला जाग यायची. यात टेप झिजते, लिहिणारं-वाचणारं हेड झिजतं आणि चार-साडेचार तासांत भरणारी कार्ट्रिज भरायला दिवस घेते. व्हिडिओच्या मोठ्या फाइली चांगल्या यूएसबी डिस्कवरून येत असतील तर बहुधा निभावेल. पण एकेका लग्नाचे तीन-तीन हजार फोटो थेट यूएसबीवरून पाठवू नका. आधी एसएसडीवर उतरवा, प्रत्येक समारंभाची झिप किंवा टारची एक गठडी बांधा आणि ती टेपवर टाका.

दुसरी प्रत सांगलीत ठेवू नका. २०१९ चा ऑगस्ट तुम्हाला मी काय सांगायचा.

प्रश्न : मॅडम, मी लातूर जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत संगणक सांभाळतो. लिनक्स सर्व्हरवर टेप ड्राइव्ह आहे. रोज संध्याकाळी टार कमांडने बॅकअप घेतो, एकही दिवस चुकवलेला नाही. परवा साहेबांनी मागच्या आठवड्यातलं काही मागितलं, तर टेपवर फक्त कालचाच बॅकअप निघाला. बाकीचे गेले कुठे?

उत्तर : तुम्ही रोज आदल्या दिवसाच्या डोक्यावर लिहिताय. लिनक्समध्ये एकाच ड्राइव्हला दोन नावं असतात : डेव्ह-स्लॅश-एसटी-शून्य आणि डेव्ह-स्लॅश-एनएसटी-शून्य. पहिल्या नावाने काम केलं की काम संपताक्षणी टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. दुसऱ्या नावाने केलं तर जिथे थांबली तिथेच राहते. तुमच्या स्क्रिप्टमध्ये नक्कीच पहिलं नाव आहे. दुसऱ्या संध्याकाळी टार पुन्हा टेपच्या आरंभापासून लिहितो आणि जिथे लिहिणं संपतं तिथे 'डेटा संपला' अशी खूण करतो. त्या खुणेपलीकडे जुन्या बॅकअपचा काही भाग उरलेला असला तरी ड्राइव्ह तिकडे जात नाही. त्यामुळे मागच्या आठवड्याचं विसरा. साहेबांनाही तसंच सांगा, गोल गोल बोलू नका.

स्क्रिप्टमध्ये एनएसटी घालून, आधी टेप पुढे-मागे नेणाऱ्या एमटी कमांडने डेटाच्या शेवटाला जाऊन मग लिहायचं, हा एक उपाय. मी मात्र तुम्हाला तो सुचवणार नाही. एका कार्ट्रिजवर महिनाभराचे बॅकअप साठवले आणि ती एक कार्ट्रिज गेली, तर महिना गेला. त्यापेक्षा सहा कार्ट्रिज घ्या, सोमवार ते शनिवार अशी लेबलं लावा, त्या-त्या वारी ती-ती चढवा. मग टेप गुंडाळली गेली तरी बिघडत नाही, उलट तेच हवं. महिनाअखेरची वेगळी. ३१ मार्चची त्याहून वेगळी, आणि ती लिहून झाली की कार्ट्रिजच्या कडेचं छोटं सरकतं बटण कुलपाच्या खुणेवर सरकवा. ती संस्थेच्या इमारतीबाहेर गेली पाहिजे. एखाद्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. चेअरमनच्या गाडीच्या डिकीत नको. मी पाहिलेलं आहे म्हणून लिहिते. खातेदारांची माहिती बाहेर जाणार असेल तर एन्क्रिप्शन हवंच. एलटीओ-४ पासून ते ड्राइव्हमध्येच असतं, फक्त त्याची किल्ली टेपबरोबर ठेवू नका आणि एकाच माणसाच्या डोक्यातही ठेवू नका.

तुम्ही न विचारलेली गोष्ट : बँकिंग सॉफ्टवेअरचा डेटाबेस चालू असताना त्याच्या फाइली तशाच टारमध्ये घेता का? घेत असाल तर त्या परत आणल्यावर उघडतीलच असं नाही. आधी डेटाबेसचा डंप, म्हणजे एका क्षणाची पूर्ण प्रत, काढा, मग तो डंप टेपवर. आणि महिन्यातून एकदा कुठलीही एक कार्ट्रिज उचला, दुसऱ्या मशीनवर ती पूर्ण उतरवा, दोन-चार खात्यांची शिल्लक छापील कागदाशी ताडून बघा. 'एकही दिवस चुकवलेला नाही' हे वाक्य ऑडिटरला आवडतं. मला ताडून पाहिलेली शिल्लक आवडते.

प्रश्न : चिपळूणला आमचं छोटं मुद्रणालय आहे. २०२१ च्या पुरात पीसी आणि डिस्क गेल्या, आता टेप घेतली आहे. पावसाळ्यात कार्ट्रिजला बुरशी येईल का? फ्रिजमध्ये ठेवल्या तर चालेल?

उत्तर : फ्रिजमध्ये मुळीच नाही. थंडगार कार्ट्रिज बाहेरच्या दमट हवेत काढली की आतल्या टेपवर पाणी सुटतं. दीर्घ साठवणीसाठी उत्पादक साधारण १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगतात. चिपळूणच्या जुलैत हे दोन्ही आकडे स्वप्नवत आहेत, म्हणून घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पिशव्या आणि एक साधा आर्द्रतामापक ठेवा. जेलचा रंग बदलला की पिशव्या बदला. कार्ट्रिज आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या लावा. डब्यातून काढलेली कार्ट्रिज, विशेषतः एसीतून बाहेर किंवा बाहेरून एसीत आणलेली, एक दिवस तशीच राहू द्या आणि मग ड्राइव्हमध्ये घाला.

कार्ट्रिज हातातून पडली तर ती घालण्याआधी कानाजवळ हलवून बघा. आत काही खुळखुळलं तर बाजूला ठेवा. मग कोपऱ्यातलं इवलंसं दार बोटाने सरकवा. आत टेपच्या टोकाला धातूची एक बारीक दांडी दिसेल. तीच पकडून ड्राइव्ह टेप आत ओढतो. दांडी सरळ, आपल्या खाचेत बसलेली हवी. दांडी तिरकी झालेली कार्ट्रिज आत ढकललीत तर टेप जाईलच, ड्राइव्हही उघडावा लागेल. पुराचं पाणी शिरलेली कार्ट्रिज कधीही चालवून बघू नका, हेअर ड्रायरही नको. ती डेटा रिकव्हरीवाल्याकडेच जाऊ दे. आणि दुसरा डबा घाटावर, कराडला किंवा पुण्याला, कुणा नातेवाइकाकडे ठेवून द्या.

प्रश्न : निवृत्त अभियंता, नाशिक. १९९० च्या दशकातल्या डीडीएस-३ जातीच्या काही डॅट कॅसेट (डेटाच्या छोट्या टेपा) आहेत, त्यांत माझी जुनी ड्रॉइंग्ज आहेत. नव्या एलटीओ ड्राइव्हमध्ये वाचता येतील का?

उत्तर : नाही. डॅटची टेप चार मिलिमीटर रुंद, एलटीओची अर्धा इंच. ती आतच जाणार नाही. तुम्हाला डीडीएस-३ किंवा डीडीएस-४ चा जुना ड्राइव्ह लागेल, त्याला समांतर स्कझीचं (सॅसच्या आधीची जोडणी) कार्ड, उपकरणांच्या साखळीच्या शेवटी ती बंद करणारा टर्मिनेटर, आणि ड्राइव्हचा आयडी ७ सोडून दुसरा, कारण ७ बहुतेक कार्ड स्वतःकडे ठेवतं. कॅसेट कुठल्या सॉफ्टवेअरने लिहिल्या होत्या ते जुन्या डायरीत शोधा. ते कळलं नाही तर टेप वाचूनही फाइली निघणार नाहीत. दोन-चारच कॅसेट असतील तर हे काम करणाऱ्याला पैसे देऊन मोकळे व्हा.

एलटीओ घेणाऱ्या इतरांनीही एक ध्यानात ठेवा : सातव्या पिढीपर्यंतचा ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्या वाचायचा आणि एकीवर लिहायचा. एलटीओ-८ ने तो पायंडा मोडला. तो एलटीओ-७ वाचतो, एलटीओ-६ नाही. सांगलीकर, तुमच्या पुढच्या खरेदीला हे लागेल.

प्रश्न : ड्राइव्ह रोज क्लिनिंग कार्ट्रिजने साफ करावा का? (वाचक, फोंडा)

उत्तर : नाही. क्लिनिंगचा दिवा लागला तरच. ती कार्ट्रिज हेडला घासते आणि साधारण पन्नास वेळांनंतर संपते. दिवा लागला, साफ केलं, आणि लगेच पुन्हा लागला, तर आधी दुसरी टेप घालून बघा. बऱ्याचदा खराब टेपच ड्राइव्हला मळवत असते.

प्रश्न : क्लाउड असताना टेपचा आग्रह कशाला? (विद्यार्थी, पुणे)

उत्तर : फेब्रुवारी २०११ मध्ये एका बिघाडाने काही जीमेल वापरणाऱ्यांच्या पेट्या रिकाम्या झाल्या. ऑनलाइन प्रतींवरही तोच बिघाड पसरला होता, म्हणून गूगलने ती पत्रं टेपवरून परत आणली. कपाटातल्या कार्ट्रिजपर्यंत सॉफ्टवेअरचा बिघाडही पोहोचत नाही आणि रॅन्समवेअरही. पण तुमचा डेटा एखाद-दोन टीबी असेल, तर तुम्ही टेपच्या नादी लागू नका. दोन हार्डडिस्क आणि क्लाउड तुम्हाला पुरे.

प्रश्न : जुन्या एलटीओ कार्ट्रिज मोठ्या चुंबकाने कोऱ्या करून पुन्हा वापरता येतील का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : गाण्याच्या कॅसेटला ते चालायचं. एलटीओ टेपवर कारखान्यातच सर्व्होचे पट्टे लिहिलेले असतात, हेडला त्यांच्यावरून वाट कळते. चुंबकाने डेटाबरोबर तेही पुसले जातात आणि ते घरी परत लिहिता येत नाहीत. पुन्हा वापरायची असेल तर ड्राइव्हकडूनच पुसून घ्या. भंगारात द्यायची असेल तर चुंबक जरूर फिरवा, मात्र तो डीगॉसरसारखा (टेप पुसायचं खास यंत्र) ताकदवान हवा. स्पीकरमधून काढलेल्या चुंबकावर भरवसा ठेवू नका.