लग्न एप्रिलात, पोरगं फेब्रुवारीत!

प्रश्न: माझी लेक बोस्टनजवळ राहते, जावई तिथलाच गोरा. त्याच्या घरचे सांगतात की आमचे मूळपुरुष तीन भाऊ, १६३५ च्या आसपास इंग्लंडहून जहाजानं मॅसॅच्युसेट्सला आले. नातवाला दोन्हीकडची वंशावळ पाहिजे. आमची पाच पिढ्या लिहून दिली, कास्ट व्हॅलिडिटीची फाइल घरात होतीच. त्यांची मी मोबाइलवर शोधतोय, तर गावच्या नोंदीत पहिल्या जोडप्याचं लग्न एप्रिल १६४१ आणि पोरगा फेब्रुवारी १६४१! हे लेकीला कसं सांगू बाप्पा?
– एक आजोबा, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर: काकाजी, काहीच सांगू नका, तसं काही झालंच नाही. त्या काळी इंग्रजांचं वर्ष १ जानेवारीला नाही, २५ मार्चला बदलायचं, आपल्या पाडव्याच्या आसपास. आपल्याकडे लग्न वैशाखात झालं आणि पोरगं माघात, तर शक एकच लागतो ना, तसंच हे. एप्रिल १६४१ आधी आणि फेब्रुवारी १६४१ नंतर, चांगले दहा महिने! आजच्या हिशोबानं तो फेब्रुवारी १६४२, म्हणून जाणकार १६४१/४२ असं जोडून लिहितात, तुम्हीबी तसंच लिहा. हा घोळ १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं तेव्हा मिटला. आणखी एक, प्युरिटन लोकांना, म्हणजे तिथं वसलेल्या कडक धर्माच्या इंग्रजांना, महिन्यांची नावं चालायची नाहीत, त्यात मूर्तिपूजकांचे देव म्हणून, मग नुसता आकडा टाकायचे. 'बारावा महिना' दिसला की डिसेंबर धरू नका, तो फेब्रुवारी, कारण मार्च पहिला.

तीन भाऊ मात्र मला पटत नाहीत. तिकडच्या कितीतरी घराण्यांत हेच तीन भाऊ सांगतात, एक आडनाव तीन गावांत दिसलं की झाले भाऊ. आपल्या गावातले सगळे देशमुख काय एकाच आज्याचे असतात का? तुम्ही व्हॅलिडिटीला काय केलं, आधी स्वतःचा दाखला, मग बापाचा, मग आज्यासाठी कोतवाल बुकाची नक्कल. इथंही जावयापासूनच मागं जायचं, जहाजापासून खाली यायचं नाही. जनगणना १८५० पर्यंत ठीक लागेल, त्याच्या आधी १७९० पर्यंत फक्त घरच्या कर्त्याचं नाव आहे, बायकापोरं नुसते आकडे. तिथून मागं भरवसा मृत्युपत्रांचा आणि जमिनीच्या खरेदीखतांचा, 'माझी मुलगी अमकी, अमक्याची बायको' एवढी एक ओळ मिळाली तरी अख्खी पिढी जुळते. मॅसॅच्युसेट्सच्या बऱ्याच गावांच्या १८५० पर्यंतच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी छापलेल्या आहेत, फॅमिलीसर्च नावाच्या वेबसाइटवर फुकटात लय कागद सापडतात. पण तिथं लोकांनी बनवलेली वंशावळीची जी झाडं असतात ना, त्यावर डोळे झाकून जाऊ नका, एकानं चूक केली की शंभर जण तीच उतरवतात. आणि 'ज्युनिअर' वाचून मुलगा समजू नका, एका गावात एकाच नावाचे दोघं असले की लहान तो ज्युनिअर, मग तो पुतण्या का असेना.

इंग्लंडमध्ये चर्चची रजिस्टरं १५३८ पासून ठेवायला लागले, पण त्यात तेच नाव सापडलं म्हणून लगेच उचलू नका, जॉन आणि विल्यम तिथं आपल्याकडच्या रामा-गोविंदासारखे. नेमकं कोणत्या गावचे हे अमेरिकेतल्याच एखाद्या कागदात मिळेपर्यंत वहीत ती जागा पेन्सिलनं लिहा.