‘व्हायकिंग’मधला किंग कुठला?

एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘“व्हायकिंग लोकांनी ग्रीनलँड वसवले” असे वाक्य वाचनात आले. व्हायकिंग ही जमात होती का? आणि मराठीत व्हायकिंग लिहावे, वायकिंग की विकिंग?’

आधी त्या शब्दातून राजाला बाहेर काढू. मध्यंतरी एका प्रश्नमंजूषेला गेलो होतो. सूत्रसंचालकाने ‘व्हाय-किंग’ असे दोन तुकडे पाडून ‘समुद्राचे राजे’ असा अर्थ सांगितला आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी हात वर केला, तो कोणाला दिसला नाही. म्हणून इथे सांगतो. शब्द ‘वीक् + इंग’ असा फुटतो, ‘क’ पहिल्या तुकड्यातला आहे. नॉर्स भाषेत, म्हणजे नॉर्वे-आइसलँडकडच्या जुन्या भाषेत, राजाला ‘कोनुंग’ म्हणत, आणि समुद्राच्या राजासाठी ‘सेकोनुंग’ असा वेगळा शब्दच होता. त्यातून इंग्रजीतला किंगसुद्धा मुळात ‘क्युन् + इंग’. क्युन् म्हणजे कूळ, आपल्या ‘जन’चा दूरचा भाऊबंद. राजाच जिथे ‘इंग’ प्रत्ययाच्या जिवावर उभा, तिथे व्हायकिंगने त्याच्याकडून काय घ्यायचे?

आता जमात. नाही, जमात नव्हती. जुन्या नॉर्समध्ये ‘वीकिंग’ ही मोहीम, शब्द स्त्रीलिंगी. तिच्यावर जाणारा तो ‘वीकिंगर’. ‘फारा ई वीकिंग’ म्हणजे वीकिंगवर जाणे. याला मराठी प्रतिशब्द विचाराल तर मी डोळे मिटून ‘मुलूखगिरीवर जाणे’ असे सांगेन. दक्षिण स्वीडनमधल्या स्कोने प्रांतात वेस्त्रा स्त्र्यो इथे एक कोरीव दगड आहे, फादिर नावाच्या माणसाने आपल्या भावासाठी उभारलेला. ‘जो उत्तरेकडे वीकिंगवर मेला’, असे त्यावर कोरले आहे. कामावर गेला होता, तिथेच गेला.

काम म्हणजे किती काम, ते पाहा. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या ऑर्कनी बेटांवर 12व्या शतकात स्वेन आस्लेइफ्सन नावाचा एक दांडगा जमीनदार होऊन गेला. हिवाळाभर 80 माणसे त्याच्या घरी जेवायला. वसंतात आधी बियाणे पेरून घ्यायचे, मग जहाजे काढून हेब्रिडीज (स्कॉटलंडच्या पश्चिमेची बेटे) आणि आयर्लंडकडे लुटीला जायचे. अर्धा उन्हाळा सरला की परत. ही त्याची ‘वसंत-वीकिंग’. मग पीक कापून धान्य आत घेतले की पुन्हा बाहेर, ते थेट हिवाळ्याचा पहिला महिना संपेपर्यंत. ही ‘शरद-वीकिंग’. आपल्याकडे पाऊस उघडला, दसऱ्याला सीमोल्लंघन झाले की फौजा बाहेर पडत, त्याचीच ही दर्यावरची आवृत्ती. नांगर आणि तलवार एकाच पंचांगावर चालत.

मग ग्रीनलँड कोणी वसवले? शेतकऱ्यांनी. खुनाच्या भानगडीत एरिक द रेडला आइसलँडमधून तीन वर्षांसाठी हद्दपार केले. ती वर्षे त्याने पश्चिमेचा तो किनारा धुंडाळण्यात काढली, आणि नाव चांगले असले तर लोक येतील म्हणून त्या बर्फाळ मुलखाला ‘हिरवा देश’ म्हटले. (बिल्डरमंडळींचा हा आद्य पुरुष.) 985च्या सुमारास आइसलँडहून 25 जहाजे निघाली, 14 पोचली, उरलेली काही माघारी फिरली, काही बुडाली. या जहाजांवर बायकामुले होती, गुरेमेंढरे होती. अशा स्थलांतराला नॉर्समध्ये ‘लांदनाम’ म्हणतात, जमीन घेणे. एरिकचा मुलगा लेफ इ.स. 1000च्या आसपास आणखी पश्चिमेला विनलँडपर्यंत, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत गेला, आणि कॅनडातल्या न्यू फाउंडलंडच्या टोकाला लान्स ओ मेडोज इथे त्यांच्या घरांचे अवशेषही सापडले आहेत. तिथले लाकूड 1021 साली तोडलेले आहे, हे 2021 मध्ये सिद्ध झाले. या सगळ्यांना सरसकट व्हायकिंग म्हणणे म्हणजे मराठी बोलतो त्या प्रत्येकाला बारगीर म्हणण्यासारखे आहे.

एवढे झाल्यावर खऱ्या मजेकडे येतो. हा ‘वीक्’ कोण?

छापील उत्तर ठरलेले आहे: ‘वीक म्हणजे खाडी, म्हणून व्हायकिंग म्हणजे खाडीवाले.’ रेक्याविक म्हणजे धुराची खाडी, हे खरेच. पण आपले एक ज्येष्ठ जाणकार एवढ्या एका ओळीवर प्रकरण मिटवतात, तेव्हा त्यांना विचारावेसे वाटते की नॉर्वेत खाडीकाठी राहत नव्हते कोण? सगळेच खाडीवाले, तर त्यातल्या लुटारूंनाच खाडीवाले का म्हणायचे? ऑस्लोच्या फ्योर्डभोवती (लांब, चिंचोळ्या खाडीभोवती) ‘वीक’ नावाचा प्रांत होता, त्यावरून म्हणावे तर तिथल्या रहिवाशांना ‘वीकवेर्यार’ म्हणत, वीकिंगर नव्हे. दुसरे मत असे की मूळ शब्द इंग्लंड-फ्रिजियाकडचा (फ्रिजिया म्हणजे आजच्या नेदरलँड्स-जर्मनीचा उत्तर किनारा). ‘वीक्’ म्हणजे तळ, वस्ती, लॅटिन ‘विकुस’ची लेक. हे मत मला मोहात पाडते, कारण विकुस आणि आपले ‘विश्’, ‘वैश्य’ एकाच घरातले. लुटारू आणि वाणी सख्खे निघाले, तर कोणाला आवडणार नाही? पण मोह आवरतो.

माझे मत तिसऱ्याच्या पारड्यात. नॉर्वेचे अभ्यासक एल्दार हाइदे यांनी ते 2005 मध्ये नेटाने मांडले. नॉर्समध्ये समुद्रावरचे अंतर ‘विका’त मोजत. विका म्हणजे मुळात पाळी: एका जोडीने वल्ही मारायची, दमली की बाजूला सरायचे आणि दुसरीने बसायचे, त्या दोन बदल्यांमधले अंतर. क्रियापद ‘वीक्या’, म्हणजे बाजूला होणे, जागा देणे. तेव्हा वीकिंग म्हणजे जिथे पाळ्या लावून वल्हवावे लागते असा लांबचा प्रवास. हा शब्द इंग्लंडच्या जुन्या शब्दसूचीत चाचेगिरीच्या संदर्भात फार लवकर सापडतो, शिडांचा जमाना उत्तरेत अजून नीट सुरू व्हायचा होता तेव्हा. वल्ह्यांच्या काळातला शब्द वल्ह्यांवरून पडला असेल, तर त्यात नवल काय?

आणि हीच ‘विका’ म्हणजे आठवडा! आइसलँडमध्ये आजही आठवड्याला विकाच म्हणतात, इंग्रजीत ती ‘वीक’ झाली. दिवसांची पाळी. आता आपला ‘वार’ बघा. संस्कृतात वार म्हणजे पाळी, खेप, म्हणून ‘वारंवार’. सोमवार म्हणजे सोमाची पाळी. उत्तरेतल्या खलाशाला आणि आपल्या ज्योतिषाला काळ मोजायला तीच एक उपमा सुचली. (वारकऱ्यांची वारी यात ओढू नका, पत्रे येतील.)

कोणी म्हणेल, विकातला ‘वि’ ऱ्हस्व आणि वीकिंगमधला दीर्घ, मग मेळ कसा? हा आक्षेप मराठी माणसाने तरी घेऊ नये. ‘विज्’ला गुण झाला की ‘वेग’ होतो, हे आपण शाळेत घोकलेले. तिकडेही एकाच मुळाची तशीच दोन रूपे आहेत, आणि काही भाषाशास्त्रज्ञ ते मूळ याच ‘विज्’शी जोडतात. म्हणजे वेग, उद्वेग, उद्विग्न ही सगळी व्हायकिंगची चुलत भावंडे. लुटल्या गेलेल्या मठांतले साधू उद्विग्न झाले, तेही एका अर्थी घरातल्या घरातच. इंग्रजीत दुबळ्याला ‘वीक’ म्हणतात तोही याच कुळातला: जो वाकतो, जागा देतो तो. व्हायकिंगचा भाऊ दुबळा निघाला, हे त्या सूत्रसंचालकाला कळवायला हवे.

राहिले लेखन. ‘व्हायकिंग’ इंग्रजीच्या मार्गाने आला आणि रुळला, तोच ठेवा. ‘विकिंग’ लिहून विद्वत्ता दाखवायची गरज नाही. फक्त म्हणताना ‘व्हाय’वर थांबू नका.