जागे आहोत की स्वप्नात, हे कसे ओळखावे?

प्रश्न : उठून, आंघोळ करून कामाला निघाल्याचे स्वप्न मला पहाटे वारंवार पडते आणि त्यानंतर खरी जाग येते. नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहिल्यास स्वप्न ओळखता येते, असे मित्राने सांगितले. दिवसा मी तसे अनेकदा करतो. स्वप्नात मात्र ते आठवतच नाही. या उपायाला काही आधार आहे का? नुसता चिमटा काढणे पुरेसे नाही का?

उत्तर : आधार आहे. ठसठशीत स्वप्ने बहुतांशी ज्या टप्प्यात पडतात, त्या ‘रेम’ झोपेत हातापायांचे स्नायू शिथिल झालेले असले तरी श्वासपटलाचे काम चालूच असते. त्यामुळे स्वप्नातले नाक कितीही दाबले, तरी अंथरुणावरचे नाक मोकळेच राहते आणि श्वास बहुधा विनासायास घेता येतो. चिमट्याने काहीच ठरत नाही, कारण वेदना स्वप्नातही जाणवू शकते. छापील ओळ वाचून, नजर हटवून ती पुन्हा वाचणे त्याहून बरे. स्वप्नातला मजकूर बरेचदा दुसऱ्या वाचनात बदललेला आढळतो.

आपण स्वप्नात आहोत, असे भान स्वप्नातच येऊ शकते, हे 1975 साली इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी नोंदवले. त्यांच्या प्रयोगात झोपलेल्या ॲलन वॉर्स्ली यांनी झोपेतच, आधी ठरवल्याप्रमाणे, डोळे डावी-उजवीकडे फिरवून खूण केली होती.

आपली अडचण नाकात नसून सवयीत आहे. चिकित्सा करणारा मेंदूचा पुढचा भाग रेम झोपेत मंदावलेला असतो, म्हणून दिवसा यांत्रिकपणे केलेली कृती स्वप्नात उतरली, तरी तिच्यामागची शंका उतरत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल थोले यांचा भर नेमका शंकेवर होता : ‘मी आत्ता स्वप्नात तर नाही ना?’ हे खरोखर विचारावे आणि आपण येथे कसे पोहोचलो, हे आठवून पाहावे. मनी वसे ते स्वप्नी दिसे, या म्हणीवरच म्हणा ना, ही पद्धत उभी आहे. आपले स्वप्न आंघोळीचे असल्याने रोज न्हाणीघरात पाऊल टाकतानाच ही चाचणी करावी. दिवसभर नाक दाबत बसण्याचे कारण नाही.

तरीही अपेक्षा बेताची ठेवावी. डेनहोम ॲस्पी यांच्या 2017 मधील ऑस्ट्रेलियातील अभ्यासात केवळ दिवसाच्या चाचण्यांचा फारसा उपयोग दिसला नाही. पाच तासांच्या झोपेनंतर उठून, ‘पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल’ असा निश्चय घोकत पुन्हा झोपण्याची जोड दिली, तेव्हा फरक पडला. ज्यांची झोप आधीच अपुरी आहे, त्यांनी मात्र या खटाटोपात पडू नये.

श्वास अडला, म्हणजे आपण जागे आहोतच, असे सिद्ध होत नाही. स्वप्नातही तो कधीकधी अडतो. म्हणून दोन वेगळ्या चाचण्या कराव्यात आणि उंचावरून उडी मारण्यासारखी जिवावर बेतणारी कृती ‘चाचणी’ म्हणून कदापि करू नये. जागेपणीही भोवतालचे जग खोटे वाटू लागत असेल, तर हा सराव थांबवून मनोविकारतज्ज्ञांना भेटावे.