टॅन ३क्ष = टॅन क्ष सोडवल्यावर मला क्ष = ९०°न मिळतं, पुस्तकात १८०°न का? आणि साइनसारखे ३६०° का घ्यायचे नाहीत?

तुमचं पहिलं पाऊल बरोबर आहे: ३क्ष = क्ष + १८०°न, म्हणून क्ष = ९०°न (न कोणताही पूर्णांक). आता न = १ घालून बघा. क्ष = ९०°, ३क्ष = २७०°, आणि या दोन्ही कोनांना टॅनची किंमतच नसते. न विषम असला की दर वेळी हेच होतं. उरतात सम न, म्हणजे १८०° च्या पटी.

मी इंदूरला अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेतो. टॅन अ = टॅन ब असेल तर अ = ब + १८०°न हे सूत्र बहुतेकांना पाठ असतं, सोबतची अट मात्र वहीत क्वचितच दिसते. म्हणून मी मुलांना आधी हे लिहायला लावतो:

टॅन अ − टॅन ब = साइन (अ − ब) ÷ (कोसाइन अ × कोसाइन ब)

अंश शून्य झाला तर अ − ब ही १८०° ची पट. छेद मात्र शून्य व्हायला नको. नियम आणि अट दोन्ही या एका ओळीतून निघतात.

आता ३६०° का नाहीत? कोनात १८०° मिळवले की साइन आणि कोसाइन दोघांचंही चिन्ह उलटतं, त्यामुळे भागाकार तोच राहतो. पण माझ्या मते यापेक्षा मोलाची गोष्ट वेगळी आहे. −९०° ते ९०° या पट्ट्यात टॅन उणे अनंताकडून अधिक अनंताकडे सतत वाढत जातो, म्हणून प्रत्येक किंमत तो एकदाच घेतो. साइनचं तसं नाही: ३०° ला १/२, १५०° लाही १/२, म्हणून तिथे उत्तरांचे दोन संच लिहावे लागतात. टॅनला एक उत्तर मिळालं की १८०° च्या पटी मिळवत जायच्या. त्यापलीकडे उत्तर असूच शकत नाही.

पडताळा हवा असेल तर टॅन क्ष = ट माना आणि टॅन ३क्ष चं सूत्र डावीकडे लिहा:

(३ट − ट³) ÷ (१ − ३ट²) = ट

इथे दोन्ही बाजूंना ट ने भागू नका, ट = ० हेच तर आपलं उत्तर आहे. ते बाजूला काढल्यावर ३ − ट² = १ − ३ट², म्हणजे ट² = −१ उरतं, आणि अशी वास्तव संख्या नाही.

गुण जाण्याची आणखी एक जागा. टॅन २क्ष = १ मध्ये २क्ष = ४५° + १८०°न. दोनाने भागताना १८०° लाही भागायचं: क्ष = २२.५° + ९०°न. ० ते ३६०° मध्ये चार उत्तरं येतात: २२.५°, ११२.५°, २०२.५°, २९२.५°. पुष्कळ मुलं दोनच लिहितात. (टॅन २२.५° = √२ − १, सुमारे ०.४१४. इंदूरचा अक्षांश जवळपास एवढाच, २२.७°, म्हणून मार्चमधल्या विषुवदिनी भर मध्यान्ही एक मीटर उंच काठीची सावली इथे सुमारे ४२ सेंटीमीटर पडते. मुलांना हे मी अंगणात मोजायला सांगतो.)

आता टॅन क्ष × टॅन ३क्ष = १ सोडवून बघा. टॅन ३क्ष = टॅन (९०° − क्ष) असं लिहिलं की क्ष = २२.५° + ४५°न मिळेल. इथे एकही उत्तर गाळावं लागत नाही. का, ते छेदाच्या अटीवरून तपासा.