घरफोडीनंतर बोटांचे ठसे

प्रश्न : दांडिया बाजारातल्या आमच्या घरी चोरी झाली. घाईत आम्ही कपाट आवरलं. आता ठसे मिळतील का? (एक वाचक, वडोदरा)

उत्तर : पुसलं नसेल तर आशा आहे, आता मात्र हात लावू नका. स्टीलचं कपाट, काच यांवर भुकटीने ठसे उठतात, खडबडीत भिंतीवर सहसा नाही. विस्कटलेले कागद तसेच राहू द्या. उचलावेच लागले तर कडेला धरून कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकमध्ये दमटपणा साचून ठसा बिघडतो. कागदावर निनहायड्रिन हे रसायन लावलं की घामातल्या अमिनो आम्लांमुळे ठसा जांभळा उमटतो. घरातल्या सगळ्यांनी, कामाच्या मावशींनीही, स्वतःचे ठसे जरूर द्यावेत. ते वगळल्याशिवाय परका ठसा वेगळा काढता येत नाही. उरलेला ठसा ‘नॅफिस’ या बोटांच्या ठशांच्या राष्ट्रीय नोंदसंग्रहाशी ताडता येतो. चोराची तिथे आधीची नोंद हवी.