जुना अस्सल हवाईयन अलोहा शर्ट कसा ओळखायचा?

तुम्ही विचारलंय की '१९५० चा' म्हणून विकतात तो अलोहा शर्ट (हवाईचा फुलापानांच्या छाप्याचा रंगीत शर्ट) खरंच तेव्हाचा आहे हे कसं कळणार. लेबल सगळ्यात शेवटी बघा. जुनं लेबल उसवून नव्या शर्टाला टाचायला दहा मिनिटं पुरतात.

आधी कापड हातात घ्या. लोक ज्यांच्यामागे धावतात ते १९४०-५० च्या काळातले शर्ट बहुतेक रेयॉनचे. हाताला गार, दिसतं त्यापेक्षा जड, आणि उचललं की पदरासारखं ओघळणारं. आतून कापडाचा एखादा दोरा सुटला असेल तर विकणाऱ्याला विचारून तो तोडून घ्या आणि त्याला काडी लावा. रेयॉनची कागदासारखी राख होते, पॉलिएस्टरची कडक गोळी.

मग खिसा. चांगल्या शर्टात छातीवरचा खिसा शोधावा लागतो, इतका त्याचा छापा मागच्या कापडाशी जुळवलेला असतो. माझ्याकडच्या एकावर अननसाचं अर्धं पान खिशावर आणि अर्धं बाहेर आहे, पण रेघ कुठे तुटत नाही. असं जुळवायला कापड वाया जातं, म्हणून स्वस्त मालात कोणी त्या भानगडीत पडत नाही. अर्थात जुन्या धर्तीचे शर्ट नव्यानं बनवणारे जपानचे सन सर्फवाले आजही हे झकास करतात, त्यामुळे नुसत्या खिशावर जाऊ नका. बटणं बऱ्याचदा करवंटीची असतात. प्रत्येकाची छटा जराशी वेगळी.

आता माझा गाढवपणा. कॅलिफोर्नियातल्या एका जुन्या बाजारात मी १८० डॉलर मोजून '१९५२ चा' शर्ट आणला. घरी उलटा केला तर डाव्या शिवणीत धुण्याच्या सूचनांची पट्टी! अमेरिकेत ती १९७२ पासून सक्तीची झाली. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "गोव्याला निघालायस का?" तिला किंमत सांगितलेली नाही.

सुरुवात साठ-सत्तरच्या दशकातल्या सुती शर्टांपासून करा. हवाईचे नावाजलेले शर्टवाले आल्फ्रेड शाहीन यांच्या होनोलुलूच्या कारखान्यातला एखादा मिळाला तर सोडू नका.

आणि रेयॉन मशीनमध्ये टाकू नका. ओलं झालं की ते कापड कमजोर होतं. गार पाण्यात हातानं खळबळा, पिळू नका, टॉवेलवर पसरून वाळवा. ओला हँगरला लावलात तर खांद्याची शिवण तिथेच ताणली जाते.