कोट्यवधी मोजून आणलेला फुटबॉलपटू पहिल्या सामन्यापासून का चमकत नाही?

तुमचा प्रश्न असा: आवडत्या क्लबने मोठी रक्कम देऊन मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, आणला, सात सामने झाले तरी गडी मैदानात दिसतच नाही. मग त्याला विकून का टाकू नये, आणि प्रशिक्षकाला तरी तीन-तीन वर्षं कशासाठी द्यायची?

मी भुसावळचा. रेल्वे कॉलनीत वाढलो, बारा-तेरा वर्षं लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून खेळलो, आता संध्याकाळी पोरांना शिकवतो. रावेरचे माझे मामा हा प्रश्न ऐकून म्हणतील, "अरे, केळी लावल्यावर घड कापायला वर्ष जातं, इथं तर माणूस आहे!" बहुतेक लोक असंच काहीतरी उत्तर देतात. मला ते पटत नाही. बागेत एक रोप नवं लावलं म्हणून शेजारच्या झाडाला आपली जागा बदलावी लागत नाही. फुटबॉलमध्ये नेमकं तेच करावं लागतं. नव्या खेळाडूला खेळ येतोच, म्हणून तर पैसे मोजले. वेळ लागतो तो जास्त करून बाकीच्या दहा जणांना.

रेल्वेचं गाव म्हटलं की बदल्या आल्या. एका ऑक्टोबरात खरगपूरहून एक कुटुंब आमच्या चाळीशेजारी राहायला आलं, त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा. चेंडू त्याच्या पायाला डिंकाने चिकटवल्यासारखा. आम्ही खूश, लगेच मधल्या फळीत घेतला. पण आमचं मैदान मुरुमाचं. गवतावर घडलेल्या पोराचा चेंडू इथं टप्पा पडला की गुडघ्यापर्यंत उसळायचा. ते त्याने आठवड्याभरात जमवलं. भाषेचं मात्र जमेना.

आमच्या टीममध्ये अर्धं मराठी, अर्धं हिंदी. मागून कोणी "छोड!" ओरडला की त्याचा अर्थ एकच: चेंडूला पाय लावू नको, मागे मी आहे. त्याच्या जुन्या टीममध्ये "छोड" म्हणजे चेंडू पायात ठेवू नको, ताबडतोब दे. दुसऱ्याच सामन्यात आमचा गोलकीपर "छोड!" म्हणून ओरडला आणि या पठ्ठ्याने पहिल्याच स्पर्शात पास दिला, तो थेट समोरच्या स्ट्रायकरच्या, म्हणजे गोल मारणाऱ्या पुढच्या खेळाडूच्या पायात. गोल. काठावरून आरडाओरडा, "काय करून राह्यला रे तू!" हाफटाइमला आम्ही त्याला बसवला. कॅप्टन मीच होतो, म्हणजे ते पाप माझंच.

त्याहून वाईट गोष्ट मला नंतर कळली. तो पास द्यायचा तो माझ्या पायात नाही, माझ्या पुढे सात-आठ पावलं, मोकळ्या जागेत. मी उभाच. आधीचा मिडफिल्डर चार वर्षं मला पायातच चेंडू देत आला होता ना! चेंडू साइडलाइनबाहेर जायचा आणि बघणारे म्हणायचे, नव्याला पास देता येत नाही. त्याची मान वर होताच मी धावायला सुटायचं, ही सवय मला लागायला डिसेंबर उजाडला. ज्याला सगळे शिव्या घालत होते तो पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

आणि खरं सांगू? सरावापेक्षा भरीत पार्टीने जास्त काम केलं. थंडीत एकाच्या शेतात तुरीच्या काड्यांवर वांगी भाजली, सोबत कळण्याची भाकरी. तिखटाने पोराच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्या रात्रीपासून त्याला प्रत्येकाचं टोपणनाव ठाऊक झालं. तोवर आम्ही त्याला "ए नवीन" म्हणूनच हाक मारत होतो.

आता मोठ्या क्लबांकडे बघा. तिथं मैदान मखमली, पगार अवाढव्य, पण सरावाला वेळ कुठं असतो? आठवड्याला दोन सामने असले की सामन्याच्या दुसऱ्या दिवशी विश्रांती, आदल्या दिवशी हलका सराव, मध्ये प्रवास. शिवाय देशाकडून खेळायला बोलावणं आलं की दहा-बारा दिवस तो टीममध्येच नाही. ऑगस्टच्या शेवटी आलेल्याला ऑक्टोबरपर्यंत सगळ्यांसोबतचे पूर्ण सराव किती मिळत असतील ते तुम्हीच मोजा.

पॅट्रिस एव्हराची गोष्ट मी आमच्या पोरांना मुद्दाम सांगतो. जानेवारी 2006 मध्ये तो मँचेस्टर युनायटेडकडून पहिला सामना खेळला, मँचेस्टर सिटीविरुद्ध. हाफटाइमलाच बाहेर काढला, सामना 3-1 ने गेला. पुढे त्याच क्लबसोबत इंग्लंडच्या लीगची पाच विजेतेपदं आणि 2008 ची चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा. थिएरी ऑन्री 1999 मध्ये युव्हेंटसकडून आर्सेनलला आला, सुरुवातीला गोलच होईनात. विंगवरच्या, म्हणजे कडेने खेळणाऱ्या माणसाला प्रशिक्षक वेंगरने मध्ये स्ट्रायकर केलं होतं. क्लब सोडला तेव्हा नावावर विक्रमी गोल होते. नंतर थोड्या दिवसांसाठी परतला तेव्हाचे धरून एकूण 228. फाबिन्योला 2018 च्या मोसमात लिव्हरपूलचा प्रशिक्षक क्लॉपने ऑक्टोबरपर्यंत लीगच्या सामन्यात उतरवलंच नाही, आणि त्याच मोसमाच्या शेवटी तो चॅम्पियन्स लीगची फायनल सुरुवातीपासून खेळला.

प्रशिक्षकाचं तसंच, फक्त त्याच्यापुढे दहा नाही, पंचवीस जण असतात. फर्ग्युसन नोव्हेंबर 1986 मध्ये युनायटेडला आले, पहिली ट्रॉफी 1990 ची एफए कप (इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा), पहिली लीग 1993 ला. प्रशिक्षक आर्टेटाच्या आर्सेनलने 2021-22 च्या लीगचे पहिले तिन्ही सामने एकही गोल न करता गमावले होते. त्या मोसमानंतरचे तीन मोसम ते लीगमध्ये दुसरे आले. त्या ऑगस्टमध्ये माझ्या मित्रांच्या ग्रुपवर त्याला हाकलायचा ठराव एकमताने मंजूर झाला होता. एकमत म्हणजे मीही त्यात होतो.

पण संयम म्हणजे डोळे मिटून बसणं असंही नाही. चेल्सीने मोसमाच्या मध्येच प्रशिक्षक बदलला आणि त्याच मोसमात चॅम्पियन्स लीग जिंकली, तेही दोनदा: 2012 ला डी मॅटेओ, 2021 ला टुखेल. हालांड 2022 मध्ये सिटीकडून लीगचा पहिलाच सामना खेळला आणि दोन गोल ठोकले, त्या मोसमात लीगमध्ये 36. स्ट्रायकरचं काम शेवटच्या स्पर्शाचं. त्याला चेंडू पुरवणारे आधीच एकमेकांना ओळखत असतील तर तो लवकर सुटतो. मधल्या फळीत तसं नसतं, तिथं चारही बाजूंनी कोणीतरी येत असतो आणि मागचा माणूस दिसत नसतो. बचावफळीत तर एकाचं एक पाऊल चुकलं की ऑफसाइडसाठी सगळ्यांनी मिळून धरलेली रेषाच मोडते आणि समोरचा मोकळा सुटतो.

तेव्हा तुमच्या मिडफिल्डरचं काय? विकायचं की नाही हे सात सामन्यांवरून ठरवू नका, चुका कशा आहेत ते बघा. पहिल्या सामन्यात जी चूक होती तीच दहाव्यात असेल, धावणंही कमी झालं असेल, तर तुमचा राग रास्त आहे. चुका बदलत असतील तर थांबा. आणि पुढच्या सामन्यात चेंडू त्याच्या पायात आला की नजर चेंडूवरून काढून बाकीच्यांवर ठेवा. कोण धावतोय, कोण माझ्यासारखा उभा आहे, ते लगेच दिसेल.

आमच्या खरगपूरवाल्याचा मला आठवणारा सगळ्यात चांगला क्षण जानेवारीतला. मागून "छोड!" आलं, त्याने पाय उचलला, चेंडू खालून सरळ गोलकीपरच्या हातात. काठावर कोणी टाळी वाजवली नाही. वाजवणार कशी, त्याने काही केलंच नव्हतं! गोलकीपरने मात्र चेंडू लाथाडायच्या आधी त्याला नावाने हाक मारली, आणि तो न बघता धावत सुटला.